कोब्यावरचं तेल

भाऊ गेला. त्याची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी हात हलवत उभी राहिले, आणि फाटक लावायला मागे फिरले तेव्हा तो डाग दिसला. फाटकापासून पोर्चपर्यंत जो सिमेंटचा कोबा आहे त्याच्या बरोबर मधोमध, ताटाएवढा, काळा. शेजारी दोन लहान. आधी वाटलं, सावली असेल. वर पाहिलं. वर सावली पडावी असं काही नव्हतं, नुसतं आकाश. मग वाकून बोट लावलं आणि बोट काळं झालं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायऱ्या संपलेल्या असाव्यात, तसं झालं. रात्रभर भावाच्या त्या डबड्याच्या पोटातून इंजिनचं तेल ठिबकत होतं आणि आत आम्ही दोघं बहीणभाऊ जुन्या आठवणी काढून खिदळत बसलो होतो. नवरा संध्याकाळी परत येणार होता. भावाने या घरात पाऊल टाकायचं नाही असं त्याने बजावलेलं होतं, आणि इथे तर भावाची गाडी आपली खूण ठेवून गेली होती.

एक सांगून टाकते. तोंडाने मी नवऱ्याला अहोजाहो करते, मनात मात्र तो. मनात तरी माणसाला पाय पसरून बसता यावं. हल्ली मनातसुद्धा आजूबाजूला बघून म्हणते, ही गोष्ट वेगळी. त्याने माझ्यावर कधी हात उगारलेला नाही. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की ते गुळगुळीत झालंय, आणि दर वेळी त्याच्या मागोमाग एक 'पण' येऊन उभा राहतो. तो कारखान्यातल्या तयार मालाची तपासणी करतो. डोळ्याला भिंग लावून लोखंडाच्या चकत्या बघायच्या, ओरखडा दिसला की चकती बाजूला काढायची. त्या कामात त्याला फार मान आहे. बाहेरगावचे कारखानेही त्याला बोलावतात, तसाच आत्ता गेला होता. घरी आला की भिंग खिशात जातं, डोळा उघडाच राहतो. मागे एकदा कप फुटला. एक कप. त्याने विचारलं, कसा फुटला? मी सांगितलं. तो म्हणाला, "पुन्हा सांग. पहिल्यापासून." मी पुन्हा सांगितलं. "मघाशी कप ओट्यावर होता म्हणालीस. आता टेबलावर म्हणतेस." राग चढेल तसा त्याचा आवाज खाली खाली जातो, शेवटी ऐकायला पुढे वाकावं लागतं. मी वाकून, कान देऊन, कप कुठे होता ते आठवायला लागले आणि मला खरंच आठवेना. त्याने जेवताना विचारलं, सकाळी दात घासताना विचारलं, दुसऱ्या दिवशी कामावरून फोन करून विचारलं. शेवटी मी म्हटलं, मीच मुद्दाम फोडला असेन. त्यावर तो "बरं" म्हणाला आणि विषय संपला. तेव्हापासून मला कपांची भीती वाटते. कोणी हसेल, पण वाटते.

भाऊ धाकटा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून घरात सगळे त्याला ढोल्या म्हणायचे. आता काठीसारखा वाळलाय, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत तो गावोगाव फिरतो, गाडीत मागे सगळी वजनं. मुलीच्या वाढदिवसाला तो आला होता. घरभर माणसं, आणि सगळ्यांसमोर नवऱ्याने मला विचारलं, कपाटातले हे काचेचे ग्लास कोणी काढले? मी सांगायला लागले, आधी स्टीलचे काढले होते, मग ते कमी पडले, मग म्हटलं... आजूबाजूचं बोलणं बंद होत गेलं. ढोल्याच्या तोंडात केक होता. तो तसाच म्हणाला, "अहो भाऊजी, ग्लासच आहेत, बॉम्ब नाहीत. सोडा की तिला." सगळे हसले. नवराही हसला. पाहुणे गेल्यावर त्याने एकेक ग्लास स्वतः धुतला, पुसला, उजेडात धरून पाहिला, आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाला, "तुझ्या भावाने यापुढे या घरात पाऊल टाकायचं नाही." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर हो म्हणताना मला हायसं वाटलं, कारण मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच लवकर आटोपलं.

काल ढोल्याचा फोन आला तेव्हा त्याची गाडी जवळच्याच रस्त्यावर वाफा सोडत उभी होती. "रात्रीपुरता थांबतो ताई, गाडीतच झोपेन. तुला ताप नको." मीच म्हटलं, ये. गल्ली अरुंद, बाहेर गाडी ठेवली तर दुसऱ्याला जाता येत नाही, म्हणून फाटकही मीच उघडलं. उघडताना इतकं हलकं वाटलं की मी चक्क गुणगुणत होते. ओट्याला टेकून चहा पिता पिता ढोल्या म्हणाला, "ताई, तू फ्रिज उघडतानासुद्धा दचकतेस." मी म्हटलं, गार हवा येते ना अंगावर. "मला नको सांगूस. काटा एवढासा हलला तरी दिसायला पाहिजे, हाच माझा धंदा आहे." मग कपात बघत म्हणाला, "थोडे दिवस चल माझ्याकडे. पोरीलाही घे." मी म्हटलं, "बसवशील कुठे? गाडीत सगळी वजनं भरलीस." दोघंही हसलो. मुलगी दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. आज सकाळी तिची वेणी घालता घालता मी चाचरत म्हटलं, "मामा आलाय ना, ते..." "माहीत आहे," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून शाळेला गेली. माहीत आहे म्हणजे काय, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

डाग घालवायचा म्हणजे पाणी ओतायचं, एवढीच माझी अक्कल. बादली आणून ओतली. तेल पाण्यावर चढलं, पसरलं, उन्हात त्याचे निळेजांभळे पट्टे चमकायला लागले, आणि ताटाएवढा डाग परातीएवढा झाला. मी बादली हातात धरून नुसती बघत राहिले. हा कोबा म्हणजे नवऱ्याचा जीव की प्राण. गवंडी काम करत होता तेव्हा हा रजा काढून, खुर्ची टाकून समोर बसला होता. ओल्या सिमेंटवरून मांजर गेलं आणि एका कोपऱ्यात त्याची पावलं उमटली. मुलगी तेव्हा अगदी लहान होती, पावलं बघून टाळ्या वाजवायला लागली. त्याने गवंड्याला कोबा उकरायला लावला. नुसता कोपरा नाही, सगळा. "जोड दिसेल," तो म्हणाला. मग कित्येक दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः नळी धरून त्यावर पाणी मारत होता आणि आम्ही मायलेकी मागच्या दाराने ये-जा करत होतो. मी तेव्हा शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं, आमच्या ह्यांना सगळं कसं नीटनेटकं लागतं. कौतुकाने! बोलता बोलता तिच्याकडे बघून डोळेही मिचकावले होते.

धुण्याची पावडर टाकली, त्यावर कढत पाणी टाकलं आणि ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसले. फेस आधी पांढरा, मग करडा, मग चांगला काळाकुट्ट झाला. त्या काळ्या फेसाचा मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. घासत गेले, घासत गेले, गुडघ्यांची सालटी निघाली, नखांत काळं गेलं. पाणी मारलं तर सगळा कोबा ओला, एकसारखा गडद. डाग नाही. मी आत जाऊन हात धुतले, भांडंभर पाणी प्यायले, भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला हसू आलं. एवढ्याशा गोष्टीला किती घाबरायचं ते! बाहेर आले तेव्हा ऊन कोबा वाळवत होतं. कडांकडून तो करडा होत येत होता, आणि मधोमध, अगदी सावकाश, डाग वर येत होता. मी उभी राहून त्याला वर येताना पाहिलं. ओलं असेपर्यंतच तो गेलेला होता. कप, ग्लास, मागे एकदा खिडकीची उघडी राहिलेली कडी, या सगळ्याबद्दल मला काहीतरी सांगता तरी आलं होतं. याबद्दल काय सांगणार? आपली गाडी तर तो घेऊन गेलाय. ती जागेवर नसताना तिच्या जागेवर तेल आलं कुठून?

पिठाने तेल ओढलं जातं, हे कुठेतरी ऐकलेलं आठवलं. पिठाचा डबा आणला. खरंच, पीठ ओलसर झालं, काळपट पडलं. पण डबा अर्धा झाला, आणि मला नवीनच धास्ती बसली की आता पीठ कुठे गेलं तेही सांगावं लागणार. तो डबे उघडून बघतो असं नाही. पण बघणारच नाही असंही नाही. एक लपवायला जावं तर दुसरं उघडं पडतं, दुसरं झाकावं तर तिसरं. मी पीठ झाडूने गोळा करत होते तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"काय गं, आज कोबा जेवायला घातलास वाटतं?"

शेजारच्या मावशी. मायेची बाई आहे, पण तिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीच्या त्या टोकाला पोचते. मी म्हटलं, "काही नाही हो मावशी, जरा तेल सांडलं."

"आणि काल पाहुणे आले होते ना? ती जुनी गाडी कोणाची?"

मी तोंड उघडलं. तोंडातून आलं, "नळवाला."

"नळवाला?" मावशी भिंतीवर कोपरं टेकून नीट उभ्या राहिल्या. "अगं, गाडी तर सकाळी होती की. रात्रभर नळ दुरुस्त करत होता?"

"नळ फार बिघडला होता," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा काही झाला की मला धरणी दुभंगावी असं वाटलं. "बरं बाई," त्या म्हणाल्या, "नळाचं काय सांगता येतं. घरात कोणी नसतानाच बिघडतात," आणि हसत हसत आत गेल्या. ते हसणं मला दारापर्यंत ऐकू आलं. म्हणजे आता भाऊ आल्याचं लपवायला मी दुसराच कोणी पुरुष आणून ठेवला होता, तोही रात्रभरासाठी. नवरा मावशींशी सहसा बोलत नाही. पण फाटकातून आत येताना त्या समोर असल्या तर मान हलवतो, आणि मान हलवली की मावशींना बोलायला तेवढं पुरतं.

त्यानंतर माझं डोकं चालायचं बंद झालं आणि हात चालत राहिले. रंगकामातलं टर्पेंटाइन सापडलं ते ओतलं. डाग पातळ झाला आणि पायपुसण्याएवढा पसरला. त्या वासाने डोकं गरगरलं, आणि उगाच आईची आठवण आली. आईलाही भीती वाटायची, पण ती चोराची, सापाची, वीज कडाडण्याची. कडी लावली, कंदील लावला, की तिची भीती बाहेर राहायची. माझ्या घरात कडी आतून लावतात आणि भीती जेवायला शेजारी बसते. लग्नाच्या आधी मी अशी नव्हते. ढोल्याला विचारा. आमच्या गल्लीत कुत्रं पिसाळलं तेव्हा काठी घेऊन पुढे गेलेली मी होते, आणि तो गुबगुबीत गोळा माझ्या फ्रॉकला धरून मागे. ती मुलगी नेमकी कुठल्या दिवशी गेली ते मला पुष्कळदा शोधावंसं वाटतं. पण असा दिवसच सापडत नाही. एक कप, एक ग्लास, एक कडी, असंच काहीबाही सापडतं.

शेवटी संडास धुवायचं ॲसिड आणलं. बाटली तिरपी करताच कोबा फसफसला, पांढरा धूर निघाला, घशात आग झाली. मी ओढणीने नाक दाबून, ब्रश लांब धरून घासत राहिले. आणि डाग निघाला. या खेपेला खरोखर निघाला, मी पंखा बाहेर आणून जागा वाळवून बघितली. पण त्याच्याबरोबर कोब्याचा वरचा पापुद्राही निघाला होता. वर्षानुवर्षं ऊनपाणी खाऊन करड्या झालेल्या त्या एकसारख्या कोब्यावर, फाटकातून आत पाऊल टाकताच दिसेल असा, पांढराफटक खडबडीत पट्टा उठला होता. आतली वाळू दिसत होती. काळा डाग निदान चुकून नजरेतून सुटला असता. हा पांढरा लांबूनच हाक मारत होता. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी बागेतल्या कुंडीतली माती उकरली, पाण्यात कालवली आणि त्या पांढऱ्यावर चोळायला बसले. सकाळभर घाण काढली, आता घाण लावत होते. कोणी बघितलं असतं तर मला वेड लागलंय असंच म्हणालं असतं, आणि मी तरी कशाच्या जोरावर नाही म्हणणार होते?

मुलगी शाळेतून आली तेव्हा मी अशी, मातीने बरबटलेली, गुडघ्यांवर. ती फाटकात थांबली. काय झालं, असं तिने विचारलं नाही. दप्तर पायरीवर ठेवलं, बूट काढून नीट जोडून ठेवले, मोजे त्यांत घातले, आणि माझ्या समोर येऊन उकिडवी बसली. बारा वर्षांची पोर. पट्ट्याकडे तिने असं बघितलं की मला तिच्या बापाचीच आठवण झाली.

"मामाच्या गाडीचं तेल?"

"हो."

"शेजारच्या मावशींनी गाडी पाहिली?"

"हो."

"तू त्यांना काय सांगितलंस?"

मी नळवाल्याचं सांगितलं. तिने डोळे मिटले आणि एक सुस्कारा सोडला, मी नापास होऊन आले आहे आणि ती माझी आई आहे असा. "अगं आई, नळवाला रात्रीचा कशाला थांबेल? त्यांनी गाडी पाहिलीय ना? मग गाडी लपवायची नाही. गाडी खरीच ठेवायची, माणूस फक्त बदलायचा." तिने माझ्या हातातलं मातीचं फडकं काढून घेतलं, पिळलं आणि पट्ट्याच्या कडेने हलकं हलकं टिपायला लागली. मी रगडत होते तशी नाही. "कुरिअरवाल्याची गाडी आपल्या फाटकापाशी बंद पडली. गल्ली अडली म्हणून लोकांनी ढकलून आत घेतली. तो रात्री निघून गेला, सकाळी मेकॅनिक आणून गाडी घेऊन गेला. तू त्याला तेलावरून रागावलीस. मावशींना नळवाला का सांगितलंस, तर त्या फार चौकशा करतात म्हणून. ते तर बाबांना पटेलच, त्यांना मावशी आवडत नाहीत."

मी तिच्याकडे बघत होते. तिचा आवाज शांत होता, शाळेतली कविता पाठ म्हणावी तसा. "बाबांनी विचारलं की तू आधी माझ्याकडे बघतेस," ती म्हणाली. "तसं बघू नकोस. आणि फार बोलू नकोस. तू सगळंच सांगायला लागतेस, मग त्यांना त्यातलं एक चुकलेलं सापडतं. थोडंच सांगायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर तेच शब्द म्हणायचे नाहीत, नाहीतर पाठ केल्यासारखं वाटतं."

"तुला हे कुठून सुचतं गं?"

"सुचत नाही. आधी तयार ठेवायचं."

"कशासाठी?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तू कशासाठी तयार ठेवतेस?"

ती टिपता टिपता थांबली. सांगावं की नाही असा विचार करताना माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग बहुतेक मला धीर यावा म्हणून, आपलं कसब दाखवावं म्हणून ती म्हणाली, "मी पोहायला जात नाही. खूप दिवसांपासून. खोल पाण्याची भीती वाटते मला. तलावाच्या मागे पायऱ्या आहेत ना, तिथे बसते आणि वेळ झाली की पोहायचे कपडे नळाखाली भिजवते. केसही भिजवते. तुला तरी कळलं का?"

मला कळलं नव्हतं. ते कपडे पिळून दोरीवर वाळत घालणारी मी. त्यांना तलावाच्या औषधाचा वास येत नाही हे माझ्या नाकाला कळलं होतं, आणि मी म्हटलं होतं, इथलं पाणी बरं दिसतंय. जेवताना बाप विचारायचा, आज किती फेऱ्या मारल्यास? ती सांगायची. हळूहळू फेऱ्या वाढत गेल्या होत्या, तो खूश होता. एकदा तिने कमी सांगितल्या, आज दमले म्हणाली, आणि मी तिच्या ताटात तूप जास्त वाढलं होतं, पोरगी दमली म्हणून. ते कमी सांगणंही तिने आधी तयार ठेवलेलं असणार. आमच्या तिघांच्या जेवणाच्या टेबलावर ती रोज खोल पाण्यात पोहत होती आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईला वाटत होतं की पोर सुखात आहे. भीती वाटते, एवढे दोन शब्द तिला घरात कोणालाच सांगता आले नव्हते. त्याला तर नाहीच, मलाही नाही. मला सांगून काय झालं असतं? मी त्याला सांगायला घाबरले असते. हे तिने माझ्याआधी ओळखलं होतं.

सकाळपासून मी घाबरलेली होते, पण ती भीती मला ओळखीची होती. तिचा वास, तिची चाल माहीत होती. ही भीती वेगळी होती. ही माझ्यासमोर उकिडवी बसून नखातली माती काढत होती, आणि तिला मी वाढवलं होतं. अजून थोडी मोठी झाली की ही एखाद्या घरात जाईल. तिथेही वाक्यं तयार ठेवेल, किंवा दुसऱ्याला तयार ठेवायला लावेल, आणि मला फोनवर सांगेल, मजेत आहे आई. मी विश्वास ठेवेन. आत्ता मी तिला जवळ घेतलं तर तीही जवळ येईल, पण त्यातलं खरं किती हे मला कधीच कळणार नाही. मी दोन्ही हात कोब्यावर टेकले. ॲसिडने हाताला आग होत होती.

"आई, अशी बसू नकोस," ती म्हणाली. "तोंड धुऊन ये. त्यांना यायला अजून वेळ आहे."

पण वेळ नव्हता. हॉर्न वाजला. त्याचा तो एकच, छोटा हॉर्न, कोणीतरी फाटक उघडावं म्हणून. ती उठली. उठता उठता तिने फ्रॉकला हात पुसले, केस कानामागे सारले, आणि मी तिला चेहरा लावताना पाहिलं. कोणी टोपी घालावी तितक्या सहज तिने तो लावला. थोडासा कंटाळलेला, थोडासा लाडका. ती फाटकाकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं.

फाटकाच्या गजांतून गाडी दिसत होती. त्याने काच खाली केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग मातीच्या बादलीकडे, मग कोब्याकडे. तिथे त्याची नजर थांबली. इंजिन चालूच होतं.

"काय झालं इथे?"

"बाबा, काल ना," मुलगी हसत म्हणाली, "काय गंमत झाली..."

"तू थांब," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघायचं नाही हे तिला ठाऊक होतं. फक्त माझ्या मुठीतलं मनगट तिने वळवलं, दुखेल इतकं, गप्प राहा म्हणून. हे मला खोटं खोटं धीट करून सांगायचं नाहीये. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

"काल माझा भाऊ आला होता," मी म्हटलं. "रात्री राहिला. फाटक मी उघडलं. त्याच्या गाडीचं तेल सांडलं, ते काढता काढता कोबा खराब झाला. आणि हिला पाण्याची भीती वाटते. ही उद्यापासून पोहायला जाणार नाही."

तो काहीतरी म्हणाला. ओठ हललेले दिसले, इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तो चेहरा तिच्यावरून सुटत चालला. आधी हनुवटी, मग तोंड, मग सगळंच, आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. मावशी भिंतीपाशी येतील, गल्ली ऐकेल, कशाची पर्वा न करता, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत, तान्हं मूल रडतं तशी. मी खाली बसले आणि मातीच्या हातांनी तिला पोटाशी धरलं. बाहेर तो गाडीतून उतरून फाटक हलवत होता आणि ते उघडायला आम्हा दोघींपैकी कोणीच उठलं नाही.